अ‍ॅटनबरोंच्या ‘गांधी’तून गाळलेला उपवास

वर्गात पुणे करार शिकवत होतो. येरवड्याचा उपवास कशासाठी होता, असे विचारले. मागच्या बाकावरचा मुलगा उठून ठामपणे म्हणाला, “सर, दंगल थांबवण्यासाठी.” कोठे वाचलेस? “वाचलं नाही, सिनेमात पाहिलं.” दोष त्याचा नव्हता. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात गांधींचे उपवास दिसतात, ते याच अर्थाने दिसतात.

या चित्रपटाचा गाजावाजा काय वर्णावा! भारत सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचा पैसा, अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी सुमारे ३ लाख माणसे, १९८३ साली ८ ऑस्कर, त्यांत वेशभूषेच्या पारितोषिकात आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांचा वाटा. बेन किंग्जली यांचा अभिनय आणि रोहिणी हट्टंगडी यांची कस्तुरबा उत्तमच. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात बाबासाहेब एकदाही दिसत नाहीत, ही आपली तक्रार तेव्हापासूनची आहे. ती खरी आहे, पण मला ती अपुरी वाटते. एखाद्या दृश्यात कोट-टाय घातलेला नट कोपऱ्यात उभा केला असता, तर आपले समाधान झाले असते काय?

मुद्दा उपवासाचा आहे. चित्रपटात चौरीचौरानंतर गांधी उपवास करतात आणि हिंसा शमते. १९४७ साली कलकत्त्यात करतात आणि दंगलखोर शस्त्रे खाली ठेवतात. म्हणजे उपवास हे प्रेमाचे साधन, आणि ते ज्याच्यावर चालते तो हिंसक माणूस, असे समीकरण प्रेक्षकाच्या मनात पक्के होते. २० सप्टेंबर १९३२ रोजी सुरू झालेला उपवास या समीकरणात बसत नाही. नावाने तो ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांच्या निवाड्याविरुद्ध होता, पण त्याचा सगळा भार पडला तो अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीवर, आणि ती मांडणाऱ्या एका निःशस्त्र माणसावर. गांधींचे प्राण गेले असते तर गावोगावच्या महारवाड्यांवर काय कोसळले असते, हे बाबासाहेबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पाचव्या दिवशी, २४ सप्टेंबरला, करारावर सह्या झाल्या. ७१ जागांच्या १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेला. हा प्रसंग दाखवला असता तर आधीच्या आणि नंतरच्या उपवासांकडेही प्रेक्षकाने वेगळ्या नजरेने पाहिले असते. तो गाळला गेला तो वेळेअभावी, असे मला वाटत नाही. इंग्रज चालतात, जीना चालतात. त्यांचा विरोध या कथेला हवाच आहे. ज्याच्या विरोधाला न्यायाचा आधार आहे, असा विरोधक मात्र तिला पेलत नाही.

अस्पृश्यता चित्रपटात अजिबात नाही असेही नाही. आफ्रिकेतल्या आश्रमात संडास सफाईवरून गांधी-कस्तुरबांचे भांडण होते. मूळ आत्मकथेत हा प्रसंग डर्बनच्या घरातला आहे, आणि तेथे पंचम आईबापांच्या पोटी जन्मलेला एक ख्रिस्ती कारकून आहे. भांडण त्याचे मूत्रपात्र उचलण्यावरून होते. चित्रपटात हा माणूसच नाहीसा झाला. उरला तो ‘अस्पृश्य’ हा शब्द, आणि त्यावरून भांडणारे नवरा-बायको!

कोणाचेही सगळे आयुष्य एका कथेत मावत नाही, अशी कबुली चित्रपट सुरुवातीलाच देतो. मान्य. पण निव्वळ नाट्य म्हणून पाहिले तरी काय सोडले पाहा : तुरुंगाच्या आवारातले आंब्याचे झाड, खाली खाट, खाटेवर खंगत चाललेला एक माणूस, आणि त्याच्याशी आपल्या माणसांच्या हक्कांचा हिशेब करायला आलेला दुसरा. दोघांपैकी कोणीही खलनायक नाही. याहून मोठे दृश्य त्या आयुष्यात कोणते होते?

जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटात ते आले. मामुट्टी यांचे बाबासाहेब आणि मोहन गोखले यांचे गांधी समोरासमोर आले. मी वर्गाला तेवढाच भाग दाखवला. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने विचारले, “सर, मग बाबासाहेबांनी सही का केली?” घंटा होईपर्यंत आम्ही त्याच प्रश्नावर बोलत होतो.