‘भारी एपिसोड’ म्हणजे नेमकं काय?

‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’मधला १९९२ चा ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग चाहते आजही डोक्यावर घेतात. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: ‘यातला खलनायक रडवतो.’ तुमचं संशोधकाचं काम इथून पुढे सुरू होतं.

आधी तुलना करा. १९५९ साली कॉमिक्समध्ये ‘मिस्टर झिरो’ म्हणून आलेला, समोरच्याला गोठवणारी बंदूक घेऊन फिरणारा हा चोर पुढे मिस्टर फ्रीझ झाला. या भागात लेखक पॉल डिनी यांनी त्याला नोरा ही आजारी, गोठवून ठेवलेली बायको दिली आणि चोरीच्या जागी सूड आला. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ चित्रपटानेही नोराची गोष्ट उचलली. म्हणजे चाहत्यांचं कौतुक पोकळ नाही, त्याला पुरावा आहे.

आता या कौतुकात काय झाकलं जातं तेही बघा. नोरा आपल्याला कळते ती नवऱ्याच्या शोकातूनच. तिला स्वतःला काय हवं होतं, हे हा भाग विचारतच नाही.

‘आवडलं’ हे निरीक्षण झालं, निष्कर्ष नव्हे. विषय आवडीचाच घ्या. पण ‘कशाच्या तुलनेत?’ आणि ‘कोणाच्या नजरेतून?’ हे दोन प्रश्न आधी वहीत लिहून ठेवा.