अंगठ्याचे ३० टक्के

१४ एप्रिल ही तारीख आपल्या घराघरांत बाबासाहेबांच्या जयंतीची आहे. याच तारखेला देशभरातील अग्निशमन दले आपल्या मृतांना मानवंदना देतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली, पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक मरण पावले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. हा केवळ योगायोग आहे. त्यातून मी कोणताही अर्थ ओढून काढणार नाही. परंतु त्या दिवशी होणारी भाषणे ऐकताना मला दरवर्षी एक गोष्ट खटकते. त्यांत शौर्य असते, बलिदान असते, हौतात्म्य असते. जखमी माणूस नसतो. मेलेल्याला शिळा मिळते. हात गमावून परत आलेल्याला फाईल मिळते. शिळेवरचा मजकूर सगळे वाचतात. फाईलमधला मजकूर हाही मजकूरच आहे आणि साहित्याचा शिक्षक म्हणून मला आज तो वाचायचा आहे.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असे धरायचे. पूर्ण तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२, करंगळी ७. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो कायदा तिच्यात सामावला गेला. माणसाच्या शरीराचा हा भावफलक वाचून आपल्यातला कवी संतापेल. मी संतापत नाही. या अनुसूचीने ब्राह्मणाचा अंगठा आणि महाराचा अंगठा एकाच दराने मोजला. स्मृतिग्रंथांना हे जमले नव्हते. आपली जात एका अनुसूचीत आणि आपली बोटे दुसऱ्या अनुसूचीत. दोन्हींचा आपल्याला उपयोगच झाला आहे.

भेद होतो तो अनुसूचीपर्यंत पोचण्याआधी, उंबरठ्यावर. इजा कामामुळे आणि काम करीत असताना झालेली असली पाहिजे, ही अट जुन्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. अट रास्त आहे. प्रश्न असा आहे की, काम म्हणजे काय हे कोण ठरवतो?

माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. २००५ च्या पावसाळ्यात आमच्याकडची एक जुनी इमारत कोसळली. मी तेव्हा आठवीत होतो. बंब यायच्या आधीच मुकादमाने हजेरीवरची माणसे फावडी, घमेली, पहारी देऊन तिकडे पिटाळली. वडिलांनी एक बाई आणि तिचे मूल बाहेर काढले. तिसऱ्या खेपेला तुळई सरकली आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा चिरडला. तो कापावा लागला. पुढे अर्ज गेला, उत्तर आले. घरात वाचता येणारा मी एकटाच, म्हणून ते मीच वाचून दाखवले. बचावकार्य हे अर्जदाराच्या कर्तव्यसूचीत समाविष्ट नाही, सबब सदर इजा कामावरची मानता येत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. वडिलांनी एवढेच विचारले, “मग त्या दिसाची हजेरी कशी लावली?”

या प्रश्नाचे उत्तर त्या फाईलमध्ये आजतागायत नाही. निवृत्त होईपर्यंत ते चार बोटांत झाडू धरीत राहिले. आज त्यांना साधे निवृत्तिवेतन मिळते; जखमेपोटी वेगळे काही नाही. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यावर ते डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवतात आणि उजवा का नाही, हे नव्या कारकुनाला नव्याने सांगतात. इथे एकलव्य आठवतो. पण एकलव्याचा अंगठा निदान मागून घेतला होता. माझ्या वडिलांच्या बाबतीत, तो कामावर गेला हेच कुणी मान्य केले नाही.

त्याच २००५ साली न्यूयॉर्क राज्याने ११ सप्टेंबर २००१ नंतर ढिगाऱ्यावर राबलेल्या सार्वजनिक कर्मचाऱ्यांसाठी अपंगत्व-निवृत्तिवेतनाचा कायदा केला. त्या कायद्यात बचाव, अवशेष काढणे आणि सफाई ही तिन्ही कामे एकाच ओळीत आहेत. ठरावीक आजार जडला तर तो त्या कामामुळेच जडला असे गृहीत धरले जाते. तसे नसल्याचे दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचे. अमेरिकेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिथेही आजारी माणसांना वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि त्यांच्या आरोग्यासाठीचा केंद्रीय कायदा जानेवारी २०११ मध्ये झाला. तरी ढिगारा उपसणाऱ्याला वाचवणाऱ्याच्या पंक्तीला बसवणे त्या राज्याला जमले. आपल्या व्यवस्थेला ते जमत नाही, कारण इथे झाडू हे हत्यार नसून जात आहे. झाडूवाला माणूस वाचवतो, हे कर्तव्यसूचीत लिहायचे तर आधी ते मनात यावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये, माणसाला कायमचे लाचार करणाऱ्या अपंगत्वासाठी किमान २० लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख ठरवले. जखमी माणूस हिशेबात आला, ही मोठी गोष्ट आहे. पण ही रक्कम गटारापुरती आहे आणि एकदाच मिळणारी आहे. एकरकमी पैसा दवाखान्यात, कर्जात, लग्नात जातो. निवृत्तिवेतन दर महिन्याला येते, आणि दर महिन्याला नगरपालिका कबूल करते की हा माणूस आमच्या कामावर जखमी झाला. कंत्राटी कामगाराला तर सेवापुस्तकच नसते. त्याची इजा लिहायची कुठे?

आता थोडे आपल्याविषयी. प्रस्थापितांच्या भाषणांना नावे ठेवताना आपण आपली कविताही तपासली पाहिजे. तिला लढणारा माणूस हवा असतो, नाहीतर मेलेला. खिडकीपाशी रांगेत उभा राहून अर्जावर शिक्का मारून घेणारा माणूस तिला नीरस वाटतो. मी स्वतः यात दोषी आहे. विद्यार्थिदशेत वडिलांवर लिहिलेल्या कवितेत मी त्यांना त्या तुळईखाली मारून टाकले होते. संमेलनात टाळ्या मिळाल्या. घरी वाचून दाखवली तेव्हा वडील म्हणाले, “आरं, पर मी जित्ता हाय की!” त्यानंतर ती कविता मी कुठे वाचली नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. आपत्तीच्या जागी लेखी किंवा तोंडी हुकमाने पाठवलेला प्रत्येक कामगार, मग तो कायम असो वा कंत्राटी, त्या दिवसापुरता बचावकर्मी मानावा. तिथे झालेली इजा कामावरचीच समजावी आणि तिचे निवृत्तिवेतन अग्निशामकाइतकेच असावे. पुढच्या १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीतून नगरपालिकेत निवेदन द्यायचे झाले, तर ते लिहून द्यायला मी तयार आहे.