‘देवांचे स्वरूप’: अनिर्णयाची रचना

सिसेरोचा ‘देवांच्या स्वरूपाविषयी’ (इ. स. पू. ४५) हा लॅटिन संवादग्रंथ बहुधा तत्त्वज्ञानेतिहासाचे साधन म्हणून वाचला जातो. एपिक्युरसपंथी व्हेलियस, स्टोइक बाल्बस आणि संशयवादी अकादमीचा कोट्टा यांच्या मुखातील मते वेचून घेतली, की संहितेचे प्रयोजन संपले असे मानले जाते. या वाचनात संवादरूप हे केवळ वेष्टन ठरते.

वस्तुतः ग्रंथाचा आशय त्याच्या रचनेतच आहे. व्हेलियसचे देव मानवाकृती, आनंदमग्न आणि जगाविषयी उदासीन आहेत. बाल्बसच्या मते विश्वच विवेकशील देव होय. कोट्टा दोघांचेही खंडन करतो. परंतु तो स्वतः पाँटिफेक्स, म्हणजे रोमच्या राज्यधर्माचा पुरोहित आहे. पूर्वजांचा आचार त्याला प्रमाण वाटतो. त्याच्या समर्थनार्थ पुढे केलेली युक्ती मात्र अपुरी वाटते. निःशंक असलेली श्रद्धा तर्काने सिद्ध करू जाता शंकास्पद होते, हा पेच अशा रीतीने एकाच पात्रात मूर्त होतो.

शेवट अधिकच सूचक आहे. श्रोता म्हणून उपस्थित असलेला सिसेरो अकादमीचा अनुयायी असूनही बाल्बसचे प्रतिपादन सत्यसदृशतेच्या अधिक निकट वाटल्याचे नोंदवितो. त्यामुळे कोट्टाला लेखकाचा प्रवक्ता मानता येत नाही. तसेच हा बाल्बसचा विजयही नव्हे, कारण ‘सत्यसदृशता’ हा निकष अकादमीचाच आहे. गुरुवचनाने वाद मिटविण्याच्या पायथागोरसपंथीय रीतीस प्रारंभीच दोष देणारा लेखक अखेरीस स्वतःचे मतही अंतिम ठरवीत नाही. निर्णयाचा भार वाचकावर येतो, आणि हेच या संवादरूपाचे तत्त्वज्ञान होय.