स्वस्त डेडिकेटेड सर्व्हर : निवडीच्या निकषांची चिकित्सा

डेडिकेटेड सर्व्हर भाड्याने घेणे म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधील एक संपूर्ण यंत्र एकट्या ग्राहकाच्या स्वाधीन असणे होय. जर्मनीतील हेट्झनर ही कंपनी आधी वापरलेली अशी यंत्रे 'सर्व्हर लिलावा'त कमी मासिक भाड्याने देते. ग्राहक सामान्यतः कोअर आणि गिगाबाइट मोजून यंत्र निवडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निकषच अपुरा आहे.

इंटेलचे कोअर आय७-६७०० आणि झिऑन ई३-१२७५ व्ही५ हे प्रोसेसर २०१५ सालचे, दोन्ही चार कोअरचे. वेगातील अंतर थोडेच. परंतु मेमरीतील एका बिटची चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी या दोहोंपैकी फक्त झिऑनला चालते. आय७च्या यंत्रात बिघडलेला बिट मुकाट्याने डिस्कवर उतरू शकतो आणि रेड-१ मधील दोन्ही डिस्क तीच चूक सारख्याच निष्ठेने जपतात! खेळाच्या सर्व्हरला हे खपेल, हिशेबाच्या डेटाबेसला खपणार नाही.

डिस्कचे वय हा दुसरा मुद्दा. ती किती तास चालली आहे हे तिच्या स्मार्ट नोंदीत वाचता येते. यंत्र ताब्यात येताच ते पाहावे.

रेड-१ ला बॅकअप समजणे ही याहून मोठी गल्लत होय. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एसबीजी-२ हे डेटा सेंटर आगीत नष्ट झाले. तेथील ज्या ग्राहकांनी अन्यत्र प्रत ठेवली नव्हती, त्यांना दुसऱ्या डिस्कचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.