‘तोच चंद्रमा नभात’ : अवधारणार्थी ‘च’चे कार्य

शान्ता शेळके यांनी लिहिलेले व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करून गायिलेले ‘तोच चंद्रमा नभात’ हे भावगीत एका संस्कृत श्लोकावर आधारलेले आहे. शीलाभट्टारिकेच्या नावावर सांगितला जाणारा हा श्लोक मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उद्धृत केला आहे. श्लोकात ‘एव’ व गीतात ‘च’ हे शब्द वरवर पाहता एकच कार्य करतात : चैत्रातील रात्र, फुलांचा गंध व दोघे प्रेमिक पूर्वीचेच आहेत, अशी ते ग्वाही देतात.

परंतु साम्य येथेच संपते. श्लोकातील स्त्रीचे मन रेवातीरीच्या वेताच्या कुंजासाठी अद्याप आतुर आहे. उणीव आहे ती केवळ स्थळाची. गीतातील पुरुषाची मात्र प्रीतीच हरपली आहे. म्हणून ‘च’ची आवृत्ती जसजशी होते, तसतशी ही हानी अधिक जाणवते. ह्या गीतास भाषांतर म्हणणे अयुक्त होय.

रेवेचा लोपही अर्थपूर्ण आहे. शेळके यांचा जन्म १९२२ साली इंदापूर येथे, भीमेच्या खोऱ्यात झाला. तरी रेवेच्या जागी त्यांनी भीमा आणलेली नाही. त्यामुळे घोडनदीकाठच्या शिरूरचा वा भीमाकाठच्या दौंडचा श्रोता, चैत्रातील तप्त दिवस मावळल्यावर, आपलाच नदीकाठ त्यात पाहू शकतो. श्लोकातील स्त्रीला निदान रेवातीरी परतता येईल. गीतातील पुरुषाला परतण्यासाठी स्थळच उरलेले नाही.