सोन्याचे माप : गोदातीरावरून ‘कविराजमार्ग’ वाचताना

कंधारचा किल्ला, तेथील क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष, माहूरजवळची लेणी हे सारे आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो आणि ‘हे राष्ट्रकूटांचे’ असे सांगतो. मात्र त्याच घराण्याच्या दरबारात इ.स. ८५० च्या सुमारास सिद्ध झालेला ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ आमच्या वाचनात सहसा येत नाही. तो कन्नडमध्ये आहे हे एक कारण. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. कन्नडांचा देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला आहे, असे या ग्रंथात म्हटले आहे. सीमावादात हे विधान एका बाजूने ढालीसारखे पुढे केले जाते आणि दुसरी बाजू त्यामुळे ग्रंथाकडेच पाठ फिरवते. नांदेडला गोदावरीच्या घाटावर उभे राहिले की आपण नेमके त्या रेषेवर उभे असतो. म्हणून हा ग्रंथ येथून वाचून पाहावा, असे आम्हांस वाटले. सीमेपलीकडच्या एका कन्नडभाषक शिक्षकांनी शेजारी बसून अर्थ सांगितला, तेव्हा ते वाचन घडले.

उपलब्ध कन्नड वाङ्मयातील हा सर्वांत जुना ग्रंथ होय. त्याचे कर्तृत्व श्रीविजय या कवीकडे जाते. सम्राट नृपतुंग अमोघवर्ष याची संमती त्यामागे होती, हे ग्रंथच सांगतो. विषय काव्यशास्त्राचा आहे. दंडीच्या ‘काव्यादर्शा’चा आधार घेऊन तीन परिच्छेदांत दोष, शब्दालंकार आणि अर्थालंकार यांची चर्चा केली आहे. तरीही पाठशाळेतील पाठ्यपुस्तकासारखा तो कोरडा वाटत नाही. आपल्या लोकांना त्यांच्याच भाषेत काव्य करता यावे, ही तळमळ त्यात आहे.

हा अमोघवर्ष आपणांस परका नाही. त्याच्या काळच्या शिलालेखांत राजा स्वतःला लट्टलूर नगरीचा स्वामी म्हणवतो. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे डॉ. अ. स. अळतेकर यांनी १९३४ साली राष्ट्रकूटांवरील आपल्या ग्रंथात मांडले आणि बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केले. राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. मूळ गाव मराठवाड्यात, राजधानी कर्नाटकात, लेख संस्कृत आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत. अशा घराण्याला आजच्या कोणत्या राज्याच्या नकाशात बसवायचे? ग्रंथातील सीमेचे विधान आम्ही खोटे मानीत नाही. परंतु त्या शतकात नदी म्हणजे ओळख करून देण्याची खूण होती, कुंपण नव्हे. देवणी आणि देगलूरच्या बाजारात आजही एकाच माणसाच्या तोंडी दोन-तीन भाषा सहज येतात. त्या बाजाराला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

ग्रंथातील दोन विचार आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटले. पहिला भाषेविषयीचा. शास्त्राचे रीतसर अध्ययन न केलेले या देशातील लोकही काव्यरचनेत निपुण असतात, असे ग्रंथकार मानतो. राजदरबारात बसून निरक्षरांच्या वाणीला असा मान देणे ही लहान गोष्ट नव्हे. इ.स. ८१४ साली गोविंद तिसरा निवर्तला आणि अमोघवर्ष कोवळ्या वयात गादीवर आला. त्याच वर्षी युरोपात सम्राट शार्लमेनचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी, ८१३ साली, फ्रान्समधील तूर येथील धर्मपरिषदेने बिशपांना आदेश दिला होता की, प्रवचने सर्वांना सहज समजावीत म्हणून ती गावरान रोमन भाषेत किंवा जर्मन भाषेत उतरवावीत. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण लॅटिन आणि संस्कृत या दोन थोर भाषांच्या छायेत राहणारी लोकभाषा एकाच अर्धशतकात दोन टोकांना मान्यता मिळवीत होती. मराठीला ग्रंथभाषेची अशी प्रतिष्ठा तेराव्या शतकात चक्रधरांचे अनुयायी आणि ज्ञानदेव यांच्यामुळे लाभली. फरक एवढाच की कन्नडला प्रथम राजाश्रय मिळाला, तर मराठीची ही वाट धर्मपंथांनी घडवली.

दुसरा विचार संपत्तीविषयीचा आहे आणि तोच या ग्रंथाचा गाभा आहे, असे आमचे मत झाले. खऱ्या संपत्तीचे माप ग्रंथकार परविचार आणि परधर्म साहण्याच्या कुवतीत शोधतो. ती कुवत नसलेल्याच्या सोन्याला तो किंमत देत नाही. येथे एक सावधगिरी हवी. गीतेतही ‘परधर्म’ हा शब्द येतो, पण तेथे त्याचा रोख दुसऱ्याला नेमून दिलेल्या कर्तव्याकडे आहे. प्रस्तुत ठिकाणी तो ‘परविचार’ या शब्दाच्या शेजारी येतो. म्हणून दुसऱ्याचा पंथ, दुसऱ्याची श्रद्धा असाच अर्थ घ्यावा लागतो. शिवाय स्वतः अमोघवर्षाचे आचरण या अर्थाला बळ देते. जैन आचार्य जिनसेन त्याला गुरुस्थानी होते. तरीही प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून त्याने महालक्ष्मीला आपल्या डाव्या हाताचे बोट कापून अर्पण केले, असे इ.स. ८७१ चा संजान ताम्रपट सांगतो.

आता आमचा आक्षेप. मूळ क्रियापदाचा अर्थ ‘सोसणे, साहणे’ असा आहे. सोसणारा वरच्या आसनावर असतो. ज्याला सोसले जाते तो खाली उभा असतो. दरबारी ग्रंथात हे स्वाभाविक आहे, पण म्हणून ते पुरेसे ठरत नाही. ज्या राजाच्या संमतीने हे लिहिले गेले, त्याची कारकीर्द गंग आणि वेंगीचे चालुक्य यांच्याशी झालेल्या युद्धांत गेली. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गाव दान देताना तेथील वेठीचा हक्कही दान घेणाऱ्याला दिल्याचे उल्लेख येतात. वेठीला जुंपलेल्या माणसाचा विचार कोणता, त्याचा धर्म कोणता, हे त्याला कोणी विचारले असेल असे दिसत नाही. इ.स. ८५१ च्या अरबी वृत्तांतात जगातील चार थोर राजांत खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या पंगतीला ‘बल्हरा’, म्हणजे आपला वल्लभराज, बसवला आहे आणि तो अरबांवर प्रेम करतो असे म्हटले आहे. ही स्तुती व्यापाऱ्यांची आहे. ज्याच्या बंदरात माल सुरक्षित उतरतो, त्याची ते स्तुती करणारच. राजा परधर्म साहत होता तो उदारपणाने की जकातीसाठी, हा प्रश्न ग्रंथाच्या वाचकाने विचारला पाहिजे. आमच्या मते दोन्ही कारणे एकत्र नांदत होती, आणि तसे म्हटल्याने ग्रंथाची थोरवी उणावत नाही.

उलट, त्या काळातील काही लेख या ग्रंथाच्याही पुढे गेलेले दिसतात. आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला इ.स. ९२६ चा राष्ट्रकूट ताम्रपट पाहावा. संयान म्हणजे संजानच्या प्रदेशावर राजाने ‘ताजिक’, अर्थात अरब, वंशाचा अधिकारी नेमला होता. त्याचे नाव लेखात ‘मधुमति’ असे येते; ते ‘महंमद’ या नावाचे संस्कृत रूप होय. या मुसलमान अधिकाऱ्याने नद्यांवर विनामूल्य होडीची सोय केली, अन्नछत्र घातले, आणि राजाच्या संमतीने एका हिंदू मठाला जमीन दिली. हे ‘सोसणे’ नव्हे. येथे एका धर्माचा माणूस दुसऱ्याच्या उपासनेची काळजी वाहतो.

दुसरा दाखला राष्ट्रकूटांच्या राज्याबाहेरचा, पण अमोघवर्षाच्याच हयातीतला. केरळात कोल्लम येथील तरिसा चर्चला इ.स. ८४९ मध्ये वेणाडच्या अधिपतीने ताम्रपट देऊन हक्क बहाल केले. त्यावर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपींत आहेत. मुसलमान, पारशी आणि यहुदी व्यापारी एका ख्रिस्ती मंदिराच्या हक्काला साक्षी राहिले. ‘साक्ष’ हा शब्द आपल्या कानाला परिचित आहे. आपण तो स्वतःच्या श्रद्धेसंबंधी वापरतो. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या हक्कासाठीही साक्ष देता येते, हे तो पत्रा शिकवतो.

हे जुने लेख आज का उकरावेत, असा प्रश्न वाचक करतील. राष्ट्रकूटांच्या मूळ गावाचा हा मुलूख विसाव्या शतकात कशातून गेला ते आठवावे. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईपूर्वी रझाकारांच्या अत्याचारांनी, आणि तिच्यानंतर मुसलमान वस्त्यांवरील हल्ल्यांनी तो होरपळला. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. त्या वेळी शेजाऱ्याला केवळ ‘सोसणारे’ अनेक होते. ते हल्लेखोरांत नव्हते, पण आडवेही आले नाहीत. सोसण्याचा गुण संकटकाळी कोठे थांबतो, हे आम्ही आमच्या धर्मग्रामातील वृद्धांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. दार बंद करून आत बसलेल्या भल्या शेजाऱ्याविषयी ते रागाने बोलत नाहीत. फक्त त्याचे नाव घेताना थोडे थांबतात.

म्हणून ‘कविराजमार्ग’ वाचावा, सीमेसाठी नव्हे तर त्या सोन्याच्या मापासाठी, आणि ते माप अपुरे ठरते तेथे चिंचणीचा पत्रा शेजारी ठेवून वाचावा. त्याची भाषा आपली नसली तरी तो ग्रंथ आपल्याच घराण्याचा आहे. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील मराठीच्या अभ्यासकांनी त्याकडे वळावे. शेजारच्या कन्नड शिक्षकाला चहाला बोलावले तरी आरंभ होऊ शकतो. आमचा तसाच झाला. शेवटचे पान मिटताना ते शिक्षक म्हणाले, ‘‘फादर, गोदावरीपर्यंत आमचा देश, असं पुस्तकात आहे खरं, पण मी तर अर्थ सांगायला रेषा ओलांडूनच आलो!’’ यावर आम्ही काय उत्तर देणार? दुसरा कप पुढे केला.