‘स्मृतिचित्रे’तले पाप आणि स्वयंपाकघर

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांना प्रथम भेटली ती पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यात. टिळकांचा विसराळूपणा, हातात पैसा टिकू न देणारा त्यांचा स्वभाव आणि हसतहसत संसार रेटणारी बायको. परदेशी येताना बॅगेत जी चार-पाच मराठी पुस्तके येतात त्यांत बऱ्याचदा हे असते. पण वाचून खाली ठेवताना ‘काय सोशिक बाई!’ यापलीकडे आपण फारसे जात नाही. समीक्षकांनीही भाषेचा साधेपणा, विनोद, सहजीवन यांवर पाने भरली. एका बाईच्या मनात ख्रिस्ती श्रद्धा कशी रुजली याचे हे पुस्तक आहे, ही गोष्ट मात्र पाहुण्यांसमोर घरातले भांडण झाकावे तशी झाकून ठेवली.

नारायण वामन टिळकांचे धर्मांतर समजायला सोपे आहे. १८९३ मध्ये आगगाडीत एक युरोपियन भेटला, त्याने नवा करार हाती ठेवला, डोंगरावरील प्रवचनाने मनाची पकड घेतली आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. विद्वान माणसाचा रस्ता हा, ग्रंथातून गेलेला. लक्ष्मीबाईंचा रस्ता चुलीवरून, पाण्याच्या हंड्यावरून गेला. तो मला अधिक अवघड वाटतो.

त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आठवा. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, असा तो प्रकार. आपण तिथे पोट धरून हसतो. पण लेखिका ते उगीच सुरुवातीला सांगत नाही. वडिलांचे जे वेड होते तेच, जरा बऱ्या रूपात, तिच्याही अंगात मुरलेले आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी ती त्यांच्याकडे परतते तीसुद्धा आपले सोवळे सांभाळतच. पुढे, स्वतःच्या बाप्तिस्म्याआधीच, तिला प्रश्न पडतो: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळते आणि ती कुणाच्याही हातचे खायचे ठरवते. तोवर ना कुणी पाद्री जिंकलेला असतो, ना कुठला वादविवाद. १९०० साली झालेला तिचा बाप्तिस्मा म्हणजे या निर्णयावरचा शिक्का, असे मला वाटते.

इथे ‘पाप’ या शब्दाचा अर्थ पाहण्यासारखा आहे. हिंदू घरात वाढलेल्या आपल्या कानांना ख्रिस्ती पापाची भाषा जड वाटते. माणूस मुळातच पापी कसा, असे आपण विचारतो. लक्ष्मीबाई त्यावर व्याख्यान देत नाहीत. दुसऱ्या माणसाचा विटाळ मानणे हेच देवापासून दूर जाणे, हे त्यांना पटते, आणि मग रोजच्या जेवणात, पाणी पिण्यात ते मोडून काढावे लागते. मन बदलले तरी हाताला आणि जिभेला वेळ लागतोच. (इथे येऊन तीस-तीस वर्षे झालेल्या आपल्या मंडळींना मुलाने अमुक मुलगी निवडली की जुने सगळे कसे आठवते, हे सांगायला नको.)

पुस्तकात एक उणीव मात्र आहे, आणि भक्तीपोटी ती लपवू नये. टिळकांचा संताप, घर सोडून निघून जाणे, घरात पीठ नसताना केलेले औदार्य, या सगळ्याला लेखिका विनोदाचे पांघरूण घालते. स्वतःच्या सोवळ्याला जी कठोर नजर लावली ती नवऱ्याच्या रागाला लावत नाही. क्षमा केली म्हणावे, तर आधी दोष दोष म्हणून मांडायला हवा होता. १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यागाची ही गोष्ट थोर खरी, पण त्या त्यागाचा हिशेब कुणी चुकता केला?

शेवटचा भाग पुरा होण्यापूर्वीच, १९३६ मध्ये, लक्ष्मीबाई गेल्या. तो मुलगा देवदत्त यांनी पुरा केला. माहिती तिथे नीट आहे, आदरही आहे. पण स्वतःवर हसणारा तो आवाज थांबल्याचे पहिल्या दोन पानांतच जाणवते.